श्वानप्रदर्शने : परीक्षकाची नजर आणि प्रदर्शकाची तयारी

शेतकी मासिकात कुत्र्यांच्या प्रदर्शनाचे काय प्रयोजन, असा प्रश्न हे शीर्षक पाहताच कित्येक वाचकांच्या मनात उभा राहील. बैल, म्हशी, शेळ्या, फार तर कोंबड्या यांची प्रदर्शने हा आपला विषय. कुत्री रिंगणात फिरविणे हा शहरातील सधन लोकांचा शौक, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु या प्रथेचे मूळ शोधीत गेल्यास ते आपल्याच अंगणात सापडते. आधुनिक पद्धतीचे पहिले श्वानप्रदर्शन म्हणून ज्याचा सर्वत्र उल्लेख होतो, ते इंग्लंडातील न्यूकॅसल येथे १८५९ सालच्या जून महिन्यात भरले, आणि भरले तेही गुरांच्या प्रदर्शनास जोड म्हणून. पुढे १८९१ साली चार्ल्स क्रफ्ट याने लंडनमध्ये स्वतःच्या नावाचे जे प्रदर्शन सुरू केले व जे आज 'क्रफ्ट्स' म्हणून जगप्रसिद्ध आहे, त्याची पहिली जागाही इस्लिंग्टन येथील शेतकी सभागृहच होती. कुत्र्याने रिंगणात पाऊल टाकले ते बैलाच्या मागोमाग.

न्यूकॅसलच्या त्या प्रदर्शनात पॉइंटर व सेटर अशा शिकारी कुत्र्यांच्या दोनच जाती होत्या व बक्षीस म्हणून बंदूक ठेविली होती. निकाल मोठा मौजेचा लागला. पॉइंटरांचे परीक्षण करणाऱ्या एका गृहस्थाच्या सेटरास सेटरांत पहिला क्रमांक मिळाला, आणि सेटरांचे परीक्षण करणाऱ्या दुसऱ्या गृहस्थाच्या पॉइंटरास पॉइंटरांत! ते दोघे सचोटीचे असतीलही; कुत्रीही खरोखर उत्तम असतील. परंतु गावच्या जत्रेत पाटलाने कुलकर्ण्याचा बैल पहिला काढावा आणि कुलकर्ण्याने पाटलाचा, तर चावडीवर काय बोलणे होईल हे वाचकांस सांगावयास नको. श्वानप्रदर्शनांचे तेव्हापासून आजवर जे जे नियम झाले, त्यांतील निम्मे तरी या एका संशयाच्या निवारणार्थ झाले असावेत, असे आमचे मत आहे.

त्या काळचा परीक्षक म्हणजे स्वतः शिकार करणारा, कुत्री पाळणारा, चार लोकांत मान असलेला गृहस्थ. त्याने पाहावे, क्रमांक लावावे आणि लोकांनी मान्य करावे, एवढीच रीत. कारणे विचारण्याची पद्धत नव्हती. या रीतीस पहिला बांध घातला तो 'स्टोनहेंज' या टोपणनावाने लिहिणाऱ्या डॉ. वॉल्श यांनी. ते 'द फील्ड' या इंग्रजी साप्ताहिकाचे संपादक होते. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी डोके, मान, खांदे, छाती, पाय, शेपूट अशा प्रत्येक अंगास गुण वाटून शंभरांचे कोष्टक दिले. गुरांच्या प्रदर्शनांतील गुणपत्रक ज्यांनी पाहिले आहे त्यांस ही पद्धत नवी वाटणार नाही. प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्यात गेली. त्यास हा फरक नजरअंदाज पैसेवारी व पीककापणी प्रयोग यांतील फरकासारखा वाटतो. नजरअंदाजात अनुभव असतो, पण पुरावा नसतो. प्रयोगात पुरावा असतो, पण चौकोन कोणत्या शेतात आखला यावर सर्व अवलंबून!

गुणांच्या बेरजेचा दोषही लवकरच दिसून आला. डोके सुरेख, रंग सुरेख, शेपूट सुरेख, आणि मागचा एक पाय अधू असलेले कुत्रे बेरजेत सुदृढ कुत्र्याच्या पुढे जाऊ शकते. लंगडा बैल शिंगांच्या जोरावर पहिला यावा तसेच ते. म्हणून आज बहुतेक ठिकाणी परीक्षक बेरीज करीत नाही. जातीचे लेखी प्रमाण डोक्यात ठेवून समग्र जनावर पाहतो. ही प्रमाणे सांभाळण्यासाठी व वंशावळींच्या नोंदी ठेवण्यासाठी लंडनचा केनेल क्लब १८७३ साली निघाला, व यूरोप खंडातील पाच देशांनी मिळून १९११ साली आपली आंतरराष्ट्रीय श्वानसंस्था स्थापिली. आपल्या देशात केनेल क्लब ऑफ इंडिया हे काम करितो व त्याचे मुख्य कार्यालय चेन्नईस आहे.

आता आपल्या भागाकडे वळू. मुंबई शहर आणि कुत्री यांचा संबंध फार जुना व कधी कधी स्फोटक आहे. १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम सोडला तेव्हा पारशी समाज बिथरला, दुकाने बंद पडली व शहरात दंगा झाला. कुत्रा हा त्यांच्या धर्मविधीत स्थान असलेला प्राणी. पुढे मुंबईत विलायती पद्धतीची प्रदर्शने भरू लागली तेव्हा गोरे अंमलदार व संस्थानिक यांच्या जोडीला पारशी कुटुंबे दिसत ती या जिव्हाळ्यामुळेच.

आपल्या साष्टीत मात्र कुत्रा रिंगणातला नव्हे, वाडीतला. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली निर्माण झाला तेव्हा अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या बाजूस भातखाचरे, ताडीची झाडे, भाजीचे मळे व खाडीकडेला मिठागरे होती. खळ्यावर, मळ्यावर आणि गोठ्यापाशी कुत्रा असे. त्याची जात कोणी विचारली नाही. तो रात्री भुंकतो की नाही, एवढीच त्याची परीक्षा. बोरिवली-मुलुंडच्या डोंगराकडेला तर ही परीक्षा बिबट्याच घेई, व अद्यापही घेतो. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. १९५७ साली बोरिवली व मुलुंडपर्यंतचा मुलूख महानगरपालिकेच्या हद्दीत गेला. खाचरे बिनशेती झाली, वाडीच्या जागी इमारत उभी राहिली, आणि कुत्रा अंगणातून उचलून पाचव्या मजल्यावर नेला गेला. तेथे राखण करण्यासारखे काही उरले नाही. मग तो कशासाठी पाळावा? तर दिसण्यासाठी. प्रदर्शनांची गर्दी वाढली तिचे एक कारण आमच्या मते हे आहे.

प्रस्तुत लेखकाचा या विषयाशी संबंध आला तो हस्ताक्षरामुळे. १९९२ च्या सुमारास आमच्या कचेरीतील एका वरिष्ठांस श्वानांचा शौक होता व रिंगणात परीक्षकाच्या शेजारी बसून निकाल लिहिणारा माणूस त्यांस हवा होता. या कामकऱ्यास रिंग स्टुअर्ड म्हणतात. काम आपल्या ओळखीचेच : वर्गवार कुत्री पुकारणे, छातीवरचे किंवा दंडावरचे क्रमांक ताडून पाहणे, गैरहजर असतील त्यांच्यापुढे रेघ मारणे, आणि परीक्षकाने बोट दाखविताच पहिला, दुसरा, तिसरा अशी नोंद करून त्याची सही घेणे. खाडाखोड झाल्यास तीवरही सही. जमाबंदीच्या दिवसांत आम्ही यापेक्षा पुष्कळ अधिक लिहिले आहे. तेव्हापासून रजेच्या दिवशी व निवृत्तीनंतर मोकळेपणी आम्ही अनेक रिंगणे पाहिली. पुढे जे लिहिले आहे ते त्या खुर्चीवरून दिसलेले आहे.

प्रारंभीच्या वर्षांतील प्रदर्शन म्हणजे मैदानावर फक्कीने आखलेले चौकोन, एक कनात, चहाचे टेबल आणि झाडांना साखळीने बांधलेली कुत्री. कुत्रे घेऊन बहुधा मालक स्वतः येई. फार झाले तर त्याचा घरगडी. कुत्र्यास सकाळी अंघोळ घालून, अंगावरून कोरडा पंचा फिरवून आणले की तयारी झाली. अर्धी कुत्री रिंगणात बसून घेत, उरलेली शेजाऱ्यावर गुरगुरत. परीक्षक दात पाहावयास जाई तेव्हा मालकाचाच हात आधी थरथरे. निकाल नापसंत झालेली मंडळी चहाच्या टेबलाशी जाऊन मन मोकळे करीत आणि उन्हे चढण्यापूर्वी घरी जात.

आज ते चित्र राहिले नाही. पहाटे पाचापासून मोटारी येऊ लागतात. घडीची टेबले, वारा सोडणारी यंत्रे, तऱ्हेतऱ्हेच्या कात्र्या व फण्या यांनी एक बाजू भरून जाते. लांब केसांच्या कुत्र्यावर दोन दोन तास हात फिरत असतो. रिंगणात कुत्रे धरणारा बहुतेक वेळा मालक नसतो. तो असतो पगारी हँडलर : अंगात कोट, खिशात उकडलेल्या काळजाचे तुकडे, हातात सुतळीएवढी बारीक दोरी. एकेक हँडलर दिवसात पाच-सहा निरनिराळ्या मालकांची कुत्री फिरवितो, आणि मालक खुर्चीवरून टाळ्या वाजवितो. ही मंडळी कसबी आहेत यात शंका नाही. उभे राहण्याची पद्धत, पायांची ठेवण, परीक्षकाची नजर वळताच कुत्र्याची मान उचलणे, हे सर्व अभ्यासाने येते. तथापि शर्यतीला आपली जोडी दुसऱ्याच्या हाती देऊन धुरळ्यात उभे राहण्यात जे सुख असेल ते आम्हांस कधी समजले नाही. उलट एक बदल निखालस चांगला झाला आहे. लहान मुलांसाठी स्वतंत्र वर्ग असतो, त्यात कुत्र्याचे नव्हे तर मुलाच्या हाताळणीचे परीक्षण होते. दहा वर्षांची मुलगी आपल्याएवढ्याच उंचीच्या कुत्र्यास शब्दाने उभे करते, हे पाहण्यासारखे असते. स्त्रियांची संख्याही प्रदर्शकांत व परीक्षकांत पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहे.

परीक्षणाची रीतही नीट बसली आहे. कुत्री एका ओळीत उभी करतात. परीक्षक प्रथम दुरून बाजूने बांधा पाहतो. मग एकेकास हात लावतो, लहान कुत्र्यास टेबलावर घेऊन. प्रौढ कुत्र्याचे दात बेचाळीस. वरची पुढची ओळ खालच्या ओळीवर कात्रीच्या पात्याप्रमाणे यावी असे बहुतेक जातींत अपेक्षित असते. नराचे दोन्ही अंड खाली उतरले आहेत का हे चाचपतो. खांद्याचा तिरपा, छातीची खोली, पुठ्ठ्याची ताकद बोटांनी मापतो. मग कुत्रे सरळ दूर नेऊन परत आणावयास सांगतो, आणि शेवटी रिंगणाभोवती दुडक्या चालीने फिरविण्यास. बैलाचा खरा दोष जसा चालीत कळतो, तसाच कुत्र्याचाही. उभ्या जनावराचे दोष कुशल माणूस झाकू शकतो, चालत्याचे नाही. परीक्षकास चावू पाहणारे कुत्रे कितीही देखणे असो, त्यास बाहेर काढतात.

ओळखीच्या बाबतीत तर मोठीच सुधारणा झाली. पूर्वी कागदावरचे कुत्रे आणि दोरीचे कुत्रे एकच आहे याचा पुरावा म्हणजे मालकाचा शब्द. आता मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवितात. यंत्र जवळ नेताच पंधरा आकडी क्रमांक दिसतो व तो नोंदणीपत्राशी ताडून पाहता येतो. गट नंबर जमिनीतच पुरून ठेवल्यासारखे हे झाले. हद्दीच्या वादांत आम्हांस अशी सोय असती तर किती कज्जे वाचले असते! पैदास करून विक्री करणाऱ्यावरही २०१७ सालच्या केंद्रीय नियमांनी राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणीचे बंधन घातले असून आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास मनाई केली आहे. प्रदर्शनात बक्षीस मिळविलेल्या नराच्या नावावर पिल्ले खपविण्याचा जो धंदा शहरात बोकाळला, त्यास यामुळे थोडा तरी लगाम बसावा.

परंतु या सगळ्या नीटनेटकेपणाखाली जो खरा तंटा आहे तो निराळाच. परीक्षक जे पाहतो तेच पैदास करणारा वाढवितो. डोके मोठे असावे असे प्रमाणात लिहिले की पुढच्या पिढीत डोके आणखी मोठे. नाक आखूड असावे असे लिहिले की नाकच नाहीसे. बुलडॉग व पग यांना श्वास घेणे कठीण झाले. जर्मन शेफर्डची पाठ मागे इतकी उतरती झाली की मागचे पाय डगमगू लागले. २००८ साली बीबीसीने वंशावळीच्या कुत्र्यांच्या रोगांवर एक चित्रपट दाखविला, त्याने इंग्लंडात खळबळ उडाली. दुसऱ्याच वर्षी त्याच संस्थेने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण सोडून दिले, व केनेल क्लबला अनेक जातींची प्रमाणे दुरुस्त करावी लागली. २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये धोक्याच्या मानलेल्या पंधरा जातींतील विजेत्यांची पशुवैद्याकडून तपासणी झाल्याखेरीज पुढची फेरी नाही असा नियम केला, आणि जातीत पहिली आलेली काही कुत्री, त्यांत बुलडॉगही, तेथेच अडली. परीक्षकाने पहिला काढावा आणि वैद्याने घरी पाठवावा, असा प्रसंग प्रथमच आला. तरीही २०१६ साली त्याच प्रदर्शनात उतरत्या पाठीच्या एका जर्मन शेफर्ड मादीस जातीतील पहिला क्रमांक मिळाला व पुन्हा वादळ उठले. नजर बदलण्यास नियमापेक्षा अधिक काळ लागतो.

मुंबईकरांनी हा प्रश्न दूरचा समजू नये. २००३ साली एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे फिरला आणि पाहता पाहता घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत जिन्याजिन्यात पग दिसू लागले. आपल्याकडील दमट हवेत हे कुत्रे धापा टाकते ते लाडाने नव्हे. कुत्रा अंगाने घाम गाळून थंड होत नाही, तोंडाने धापा टाकूनच होतो, आणि येथे तर तीच वाट चिंचोळी. बर्फातील केसाळ कुत्री चौथ्या मजल्यावर वातशीतक यंत्रासमोर बांधलेलीही आम्ही पाहिली आहेत. ज्याने गाभण म्हशीसाठी डबक्याची सोय केली, त्यास यात काय चुकते आहे ते सांगावे लागणार नाही.

या ठिकाणी आपल्या मुलखाच्या कुत्र्याविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण प्रस्तुत लेखाचे खरे प्रयोजन तेच. सोलापूर, सांगली, सातारा, मराठवाडा व कृष्णा-घटप्रभेकडील सीमाभागात लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा, खोल छातीचा व पोट आत गेलेला जो कुत्रा धनगर-लमाणांजवळ दिसतो, त्यास आपण कारवानी म्हणतो. कानाशेपटीस रेशमी केस असले तर पश्मी. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी हीच जात निगुतीने जोपासली व तिची जोडी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांस भेट दिली, म्हणून तिला मुधोळ हे नाव पडले. आज केनेल क्लब ऑफ इंडिया तिला 'कारवान हाउंड' म्हणून नोंदवितो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणून. एकच जमीन दोन खात्यांवर! २००५ साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. कर्नालच्या राष्ट्रीय पशुआनुवंशिक संसाधन ब्यूरोनेही राजापालयम व चिप्पीपराई यांच्यासमवेत मुधोळची जात म्हणून नोंद केली आहे.

या कुत्र्यावर रिंगणात काय गुदरते याचा एक प्रसंग सांगतो. १९९० नंतरच्या दशकातील गोष्ट. सांगोल्याकडील एक वयस्क धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरला होता व पनवेलच्या बाजूस एका शेतकऱ्याच्या खाचरात त्याचा कळप खतासाठी बसविला होता. त्या शेतकऱ्यानेच त्याची तांबूस रंगाची कारवानी मादी पाहून, भाड्याची गाडी करून दोघांस मुंबईच्या प्रदर्शनात आणले. देशी शिकारी कुत्र्यांच्या वर्गात तीन नावे होती. इतर दोन कुत्री बंगल्यातील, गुबगुबीत व चकचकीत. परीक्षक विलायती जातींचे जाणकार म्हणून नावाजलेले. त्यांनी मादीच्या बरगड्यांवरून बोटे फिरविली, मान हलविली, आणि हिला पोटभर खावयास द्या असे सांगून तिसरा क्रमांक दिला. आम्ही तो लिहिला. वर्ग उठल्यावर म्हातारा आमच्या टेबलापाशी आला.

"भाऊसाहेब, ही उपाशी न्हाय," तो म्हणाला. "हिच्या अंगावर चरबी चढली, तर लांडग्यामागं दहा कासरं बी पळायची न्हाय. सायबांनी हिला पळवून का बघितलं न्हाय?"

"मामा, रिंगण एवढेच आहे," आम्ही म्हणालो.

त्याने रिंगणाकडे पाहिले, मादीच्या पाठीवर घोंगडी टाकली, आणि बक्षिसाची फीत न घेताच तो निघून गेला. ती फीत बराच काळ आमच्या खणात होती.

म्हाताऱ्याच्या प्रश्नास त्या दिवशी उत्तर नव्हते. आज थोडे आहे. या जातीच्या शेवटच्या बरगड्या व कमरेची हाडे किंचित दिसावी, ती तशी असणे हेच सुस्थितीचे लक्षण, हे आता जाणते परीक्षक मानू लागले आहेत. २०१६ साली लष्कराने मेरठ येथील आपल्या पशुवैद्यक केंद्रात मुधोळची पिल्ले शिक्षणासाठी नेली. २०२४ साली लखनौस झालेल्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाच्या 'रिया' नावाच्या मुधोळ मादीने विलायती जातींच्या शंभराहून अधिक कुत्र्यांना मागे टाकून पहिला मान मिळविला. तेथे फीत शेपटीच्या वळणास नव्हती, माग काढण्यास होती.

धनगराची जुनी कसोटी मात्र पुन्हा आणता येणार नाही, व आणूही नये. ससा धरणे हीच या कुत्र्याची परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली, आणि योग्यच झाले. परंतु कामाची परीक्षा उठली व तिच्या जागी दुसरी आली नाही, तर उरते ती केवळ रूपाची. बैलगाडा शर्यती २०१४ पासून बंद होत्या तेव्हा खिलार जातिवंत खोंडांचे गिऱ्हाईक कसे आटले, आणि २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर ते कसे परतले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कुत्र्यासाठी चिंधीचा ससा दोरीने ओढून त्यामागे धाव घेण्याची निर्दोष पद्धत परदेशांत रूढ आहे. ती उचलण्यास फारसा खर्च नाही.

आपल्याकडे यासाठी अनुकूल जागाही आहेत. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची जी मोठी यात्रा भरते, तीत जिल्हा परिषदेतर्फे पशू, अश्व, कुक्कुट यांच्याबरोबर श्वानांचेही प्रदर्शन असते. लाल कंधारी व देवणी गुरांच्या शेजारी कारवानी उभा! जो देव कुत्रा बरोबर घेऊन फिरतो, ज्याचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवितात, त्याच्या दारी हे प्रदर्शन भरावे यात औचित्य आहे. तेथील प्रेक्षक कुत्र्याचे केस पाहत नाही. पंजे पाहतो, मांडी दाबतो, आणि बाप-आजा कोणाच्या कळपातला हे विचारतो. ही तोंडी वंशावळ म्हणजे फेरफार न झालेला वहिवाटीचा हक्क होय. ती लिहून घेतली नाही, तर एका पिढीत पुसली जाईल, आणि मग जातीचा मालक तोच ठरेल ज्याच्याजवळ छापील कागद आहे.

यास्तव ज्या शेतकरी बंधूंजवळ चांगले देशी कुत्रे असेल त्यांनी ते प्रदर्शनात न्यावे. नेण्यापूर्वी काही गोष्टी सांभाळाव्या. पिल्लू तीन महिन्यांचे होताच पिसाळरोगाची लस व पुढे दरसाल तिची पुनरावृत्ती. दाखला जपून ठेवावा. दोन महिने आधीपासून रोज पाच मिनिटे परक्या माणसाकडून दात व कान पाहवून घ्यावे. धनगरी कुत्रे परक्याचा हात सहन करीत नाही व तेथेच बाद होते. सैल दोरीवर दुडके चालविण्याचा सराव द्यावा, ओढीत नेलेल्या कुत्र्याची चाल दिसत नाही. शहरात नेतो म्हणून महिनाभर तूपभात घालून फुगवू नये. माजावर आलेली मादी घरी ठेवावी, नाही तर रिंगणातील सगळे नर वाया जातात व शेजाऱ्याची शिवी खावी लागते. मुंबईच्या बाजूस नेणे झाल्यास ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे, पाणी आपले न्यावे, आणि बंद मोटारीत कुत्रे क्षणभरही ठेवू नये. निकाल विरुद्ध गेल्यास परीक्षकास शांतपणे कारण विचारावे. स्वीडन-फिनलंडकडे परीक्षक प्रत्येक कुत्र्याविषयी चार ओळी लिहून प्रत मालकाच्या हाती देतो. आपल्याकडे बहुधा तसे होत नाही. विचारल्याखेरीज ते सुरूही होणार नाही.

आपल्या संस्थेच्या पुढील गुरांच्या प्रदर्शनात राखणीच्या व धनगरी कुत्र्यांचा एक वर्ग जोडावा, अशी चालकांस आमची विनंती आहे. अटी थोड्याच असाव्या. कुत्रे मालकाने किंवा त्याच्या घरच्याने स्वतः धरावे. रिंगण गुळगुळीत सतरंजीवर न आखता नांगरटीच्या शेतात आखावे व ते लांबीला शंभर पावलांहून कमी नसावे. परीक्षक दोन असावे, एक पशुवैद्य व एक मेंढपाळ, आणि दोघांपैकी कोणाच्याही आप्ताचे कुत्रे त्या वर्गात नसावे. प्रत्येक निकालाचे कारण मोठ्याने सांगावे व ते नोंदवहीत उतरवून प्रत मालकास द्यावी. आईबापांची नावे मालक सांगेल तशी त्याच वहीत, गाव व कळपासह, लिहून घ्यावी. वही लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखक विनावेतन करील. रेघा आखलेली वही व दोन कार्बन कागद तेवढे कार्यालयाने पुरवावे.